‘याचे किती पॉइंट मिळतील?’

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी सासूबाई असतात. दीड महिन्यापूर्वी मुलांना बक्षिसाचे पॉइंट देणारं एक ॲप मी फोनवर घेतलं. त्यात चौदा कामं टाकली. दात घासणे ५, अंथरुणाची घडी ५, गृहपाठ १०, ताट संपवणे १०, दिवसभर भांडण न करणे २०, असं. ५०० झाले की मोठं बक्षीस, आणि रोज ३० पॉइंटला अर्धा तास टॅब. पहिले दोन आठवडे घर बदलल्यासारखं वाटलं. आता मुलगी प्रत्येक गोष्टीला ‘याचे किती पॉइंट मिळतील?’ असं विचारते. परवा आजीला पाण्याचा तांब्या दे म्हटलं तरी तेच. मुलगा उणे ६० वर आहे, कारण हे चिडले की पॉइंट कापतात. तो ‘मला नकोच तुमचे पॉइंट’ म्हणून निघून जातो. सासूबाई म्हणतात, तुम्ही मुलांना लाच द्यायला लागलात. ॲप काढून टाकू का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ॲप लगेच काढू नका, पण आहे तसं एक दिवसही पुढे चालवू नका. तुम्ही लिहिलेल्या अडचणी बहुतेक मांडणीतून आल्या आहेत. कामं फार झाली, बक्षीस लांब पडलं, पॉइंट उशिरा मिळाले आणि वर कापाकापी झाली. मांडणी बदलता येते. एक मात्र आधीच मनाशी पक्कं करा: ही पद्धत सात-आठ आठवड्यांपुरती असते. ती कधी आणि कशी थांबवायची हे ठरवूनच पुन्हा सुरू करायची.

सगळ्यात आधी जुना हिशेब मिटवा. मुलीचे जेवढे पॉइंट जमले असतील त्यांचं मोल तिला मिळालंच पाहिजे. समजा ३५० झाले असतील, तर मोठ्या बक्षिसाच्या सत्तर टक्के किमतीची दुसरी एखादी गोष्ट तिला निवडू द्या. कबूल केलेलं एकदा बुडालं की मूल पुढच्या कुठल्याच तक्त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला हिशेब चोख कळतो. मुलाचे उणे ६० त्याच्या डोळ्यांसमोर शून्य करा. फेडायला लावू नका, भाषणही देऊ नका. ‘आपण हे नीट मांडलं नव्हतं, म्हणून पुन्हा मांडणार आहोत’ एवढं वाक्य पुरे.

मग तीन-चार दिवस पॉइंट बंद. या दिवसांत एका कागदावर तीन रकाने करा: न सांगता होणारी कामं, एक-दोनदा सांगून होणारी, आणि पाच वेळा सांगूनही न होणारी. नवी यादी या कागदातून निघेल.

मुलगा उणे ६० वर का गेला, हे आकड्यांतच दिसतं. चौदा कामांपैकी सहा वर्षांच्या मुलाला रोज जमतील अशी सहा-सातच असतात. चांगल्या दिवशी त्याने २५ मिळवले असं धरलं, तरी ५०० ला वीस दिवस लागतात. या वयाच्या मुलाला वीस दिवसांनी मिळणाऱ्या गोष्टीसाठी आज दात घासावेसे वाटत नाहीत. त्यात उणे ६० म्हणजे दोन पूर्ण चांगले दिवस घालवूनही तो शून्याच्या खालीच. ‘मला नकोच’ हे त्याचं उत्तर त्याच्या बाजूने अगदी बरोबर आहे. रोजच्या ३० पॉइंटचा टॅब तर त्याला कधीच मिळणार नव्हता.

वयानुसार बक्षिसाचं अंतर साधारण असं ठेवा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना त्याच दिवशी काहीतरी मिळायला हवं. सात ते नऊच्या मुलांना दोन-तीन दिवसांत लहानसं आणि आठवड्याला एक थोडं मोठं. दहाच्या पुढची मुलं आठवडा-पंधरवडा थांबू शकतात. मुलांना थांबायला शिकवायचं असेल तर हे अंतर हळूहळू वाढवता येतं. सुरुवातच लांबच्या बक्षिसाने केली की मूल पहिल्याच आठवड्यात हात टेकतं.

आता यादी. मुलीला तीन कामं, मुलाला दोन. याहून एकही जास्त नको. मोठी माणसं चौदा गोष्टींवर एकसारखी नजर ठेवू शकत नाहीत. ज्या दिवशी तुम्हाला वेळ असतो त्या दिवशी पॉइंट मिळतात, नसतो तेव्हा मिळत नाहीत, आणि मूल तुमच्या मूडकडे बघायला शिकतं. काम निवडताना मधला रकाना बघा, म्हणजे आठवड्यातून तीन-चार दिवस आत्ताही होणारं. जे कधीच होत नाही ते यादीत घातलं तर मुलाला पहिलं यश मिळतच नाही. ते काम हवंच असेल तर त्याचा तुकडा घ्या. ‘अंथरुणाची घडी’ जमत नसेल तर पहिले दहा दिवस फक्त उशी उचलून कपाटात ठेवायची.

प्रत्येक काम असं लिहा की झालं की नाही यावर वादच होऊ नये. ‘शहाण्यासारखं वागणं’ मोजता येत नाही. ‘दिवसभर भांडण न करणे’ यात तर दुहेरी अडचण आहे. सकाळी साडेसातला एक चिमटा काढला की दिवसभराचे २० पॉइंट गेले, मग उरलेले बारा तास चांगलं वागायला कारणच उरत नाही. शिवाय काय करायचं नाही हे कळतं, काय करायचं ते कळत नाही. म्हणून त्याऐवजी करायची गोष्ट लिहा. तुमच्या घरासाठी सुरुवात अशी होऊ शकते:

मुलगी — संध्याकाळी सातला गृहपाठाची वही उघडून बसली (संपवला की नाही, हे मोजायचं नाही). रात्री झोपण्याआधी उद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरून दाराशी ठेवलं. भावाने त्रास दिल्यावर हात न उचलता मोठ्या माणसाला येऊन सांगितलं.

मुलगा — शाळेतून आल्यावर बूट मांडणीत, डबा सिंकमध्ये. बहिणीची वस्तू घेण्याआधी तिला विचारलं.

गृहपाठात सुरुवातीलाच पॉइंट का, असं वाटेल. घराघरांतलं रडगाणं बसायच्या आधीचं असतं. एकदा पेन हातात आलं की बहुतेक मुलं पुढे जातात. ‘संपवला’ याला पॉइंट दिले की अक्षर घसरतं आणि शेवटची चार गणितं मैत्रिणीच्या वहीतून येतात.

काही गोष्टी यादीत कधीच घालू नका. ताट संपवणं तर आजच काढा. भाजी खाल्ल्याबद्दल बक्षीस मिळतं म्हणजे भाजी ही सोसायची गोष्ट आहे, असं मूल त्यातून शिकतं, आणि पोट भरल्यावरही खात राहतं. आजीला पाणी देणं, पाहुण्यांना नमस्कार, आजारी माणसाची विचारपूस हेही नको. आणि मुलांना जे मुळातच आवडतं, म्हणजे चित्रं, गोष्टीची पुस्तकं, पेटी वाजवणं, त्याला पॉइंट लावू नका. यामागे एक जुना आणि नीट केलेला प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी घेतली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी न सांगता नंतर तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळेत पेनं पुन्हा मांडून ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. न सांगता मिळालेल्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता.

याचा अर्थ सगळीच बक्षिसं वाईट असा काढू नका. दात घासण्याची किंवा दप्तर भरण्याची गोडी मुळात नसतेच, त्यामुळे तिथे बुडण्यासारखं काही नाही. कंटाळवाण्या, रोजच्या, एकदा अंगवळणी पडली की आपोआप होणाऱ्या कामांना ही पद्धत चांगली लागू पडते. सासूबाईंच्या शंकेत तथ्य आहे, पण एक फरक त्यांना सांगता येईल. मूल दुकानात लोळण घेतं आणि आपण ‘गप्प बस, चॉकलेट देते’ म्हणतो, ती लाच. तिथे वाईट वागणं थांबवायला आपण मोल देतो, आणि पुढच्या वेळी लोळण अधिक जोरात येते. चांगलं काम झाल्यावर, आधी ठरलेलं, ठरलेल्या मापाने देणं हे वेगळं.

पॉइंट कधी मिळतो याकडे बारकाईने लक्ष द्या, कारण ॲपची सगळ्यात कच्ची बाजू तिथेच आहे. मुलगा शाळेतून येतो, बूट मांडणीत ठेवतो, डबा सिंकमध्ये टाकतो. फोन तुमच्याबरोबर ऑफिसात असतो. तुम्ही साडेसातला घरी येता, स्वयंपाकाला लागता, आणि रात्री दहाला झोपाळलेल्या मुलासमोर ॲप उघडून दोन खुणा करता. सहा तासांपूर्वीच्या बुटांशी त्या खुणांचा त्याच्या लेखी काही संबंध उरलेला नसतो. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात तेओदोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन यांनी बसवली, तेव्हा रुग्णाने काम केलं की तिथल्या तिथे त्याच्या हातात बिल्ला पडत असे. ॲपने तेवढंच हरवलं.

म्हणून घरात चिंचोके ठेवा. दोघांच्या नावाच्या दोन स्टीलच्या वाट्या, ओट्याच्या कोपऱ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात. काम झालं की जे मोठं माणूस समोर असेल त्याने लगेच एक चिंचोका मुलाच्या हातात द्यायचा आणि मुलाने तो स्वतः वाटीत टाकायचा. सगळ्या कामांना एकच चिंचोका. ५-१०-२० असे भाव लावले की मुलं स्वस्तातली कामं सोडून देतात. रात्री मुलासोबत बसून मोजायचे आणि तेवढाच आकडा ॲपमध्ये भरायचा. एका मुलाला दोन मिनिटं पुरतात. ॲपचा उपयोग इतकाच: हिशेब हरवत नाही, आणि बाबा बाहेरगावी असले तरी त्यांना दिसतो. घरात कुणी दोन-तीन वर्षांचं लेकरू येत असेल तर चिंचोके त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, घशात अडकू शकतात.

चिंचोका देताना काय केलं ते नाव घेऊन सांगा. ‘गुड बॉय’ किंवा ‘शाब्बास’ एवढ्याने मुलाला काही कळत नाही. ‘आल्या आल्या बूट मांडणीत ठेवलेस, मला सांगावंच लागलं नाही’ असं म्हणा, जवळ जाऊन, त्याच्याकडे बघून. चार-पाच सेकंदांचं हे वाक्य मला चिंचोक्यापेक्षा मोलाचं वाटतं. पुढे चिंचोके बंद होतील, वाक्य राहील. इथेच सासूबाईंची गरज आहे. दुपारी मुलगा येतो तेव्हा घरात त्याच असतात. ‘आई, तुम्हाला फोनमधलं काही बघायचं नाही. त्याने बूट जागेवर ठेवले की लगेच बोला आणि एक चिंचोका द्या,’ असं त्यांना सांगा. यादी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे आजी, बाबा आणि तुम्ही एकाच मापाने द्याल. आजीने लाडाने जास्तीचा दिला तर मुलांसमोर टोकू नका, नंतर दोघीच असताना बोला.

कापणं पूर्ण बंद. ॲपच्या सेटिंगमध्ये दंडाच्या किंवा उणे पॉइंटची सोय असते, ती बंद करा. बंद होत नसेल तर दुसरं ॲप बघा. वाटीत पडलेला चिंचोका बाहेर येणार नाही, हे मुलांसमोर बाबांच्या तोंडून येऊ द्या. रागात कापलेल्या पॉइंटमागे मोजमाप नसतं, राग असतो, आणि मुलाला ते लगेच कळतं. वागण्याचे परिणाम वेगळे ठेवा, त्या त्या गोष्टीला जोडून. दूध सांडलं तर पुसायचं. बहिणीची वही फाडली तर चिकटपट्टी लावून द्यायची. मारलं तर खेळ तिथेच थांबतो, पाच मिनिटं दोघं वेगळ्या खोल्यांत. ठरलेलं काम झालं नाही तर चिंचोका मिळत नाही, बस. त्यावर टोमणाही नको.

बक्षिसांची यादी मुलांना विचारून करा, आठ-दहा गोष्टींची, आणि बहुतेक बिनपैशाच्या. मुलासाठी दोन चिंचोक्यांत मिळणाऱ्या: स्कूटरवर मागे बसून (पुढे उभं राहून नाही) भाजी आणायला सोबत यायचं, झोपताना एक जास्तीची गोष्ट, आजीच्या गादीवर झोपायचं, आंघोळीला दहा मिनिटं जास्तीचं पाणी खेळणं. मुलीसाठी सहा-आठ चिंचोक्यांत: रविवारचा नाश्ता तिने ठरवायचा, शनिवारी अर्धा तास उशिरा झोपायचं, खाली बाबांसोबत बॅडमिंटनचे तीन गेम. आठवड्याच्या मोठ्या बक्षिसाला पंधरा चिंचोके ठीक. तिला आठवड्यात जास्तीत जास्त एकवीस मिळू शकतात, म्हणजे साधारण सत्तर टक्के जमलं की बक्षीस. शंभर टक्क्यांची अट घातली की बुधवारी एक हुकल्यावर आठवडा संपतो.

टॅब या यादीतून बाहेर काढा. त्याची वेळ रोजची ठरावीक ठेवा, चांगल्या दिवशीही तेवढीच आणि वाईट दिवशीही. टॅब हे बक्षीस झालं की घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच ठरते, आणि बाकी बक्षिसं फिकी पडतात. रोजची रात्रीची गोष्ट, दिवाळीचे कपडे, वाढदिवस, सुट्टीत आजोळी जाणं, यांनाही किंमत लावायची नाही. ते मुलांना मिळणारच असतं.

दोघांचे आकडे एकमेकांशेजारी दाखवणारा तक्ता, पहिला-दुसरा क्रमांक, असलं काही ॲपमध्ये असेल तर लपवा. मुलीची कामं वेगळी, मुलाची वेगळी, तुलनाच होऊ शकत नाही. दोघांना जोडायचं असेल तर तिसरी वाटी ठेवा. दोघं वीस मिनिटं न भांडता एकत्र खेळले की तिच्यात एक. दहा झाले की सगळ्यांनी मिळून पाणीपुरी. या वाटीतून कुणामुळे काही हुकलं असं म्हणू नका, नाहीतर मुलगी भावाला दोष द्यायला लागेल.

‘याचे किती?’ हा प्रश्न नवी यादी लागल्यावरही आठवडाभर येत राहील. उत्तर दर वेळी तेच आणि शांत: ‘याचे नाहीत. आजीला तहान लागलीय, तांब्या दे.’ ती बसून राहिली तर न बोलता तुम्हीच उठून द्या. समजावू नका, नाटकी उसासाही नको. ज्या दिवशी देईल त्या दिवशी आजीनेच म्हणावं, ‘बरं झालं, घसा कोरडा पडला होता.’ सुरुवातीला प्रश्न वाढल्यासारखा वाटेल. पूर्वी त्याने सौदा व्हायचा, आता होत नाही, म्हणून ती जोर लावून बघणार. तुम्ही एकदा जरी कंटाळून ‘बरं, घे दोन’ म्हणालात तर पुढचा महिना तेच चालेल.

थांबवणं असं. एखादं काम सलग दोन आठवडे सातपैकी सहा दिवस होऊ लागलं की ते यादीतून समारंभाने काढा: ‘दप्तर आता तुला येतं, याला चिंचोका लागत नाही.’ त्या जागी हवं तर नवं काम येतं. नाव घेऊन कौतुक चालूच, आधी रोज, मग अधूनमधून. काढल्यावर चार-पाच दिवस काम हुकेल. लगेच चिंचोका परत आणू नका. तिसऱ्या आठवड्यातही होत नसेल तरच पुन्हा घ्या. सातव्या-आठव्या आठवड्याला यादीत एखादंच काम उरलेलं असावं. तेव्हा सगळंच बंद करा आणि वाट्या स्वयंपाकघरात परत जाऊ द्या.

मुलाबद्दल एक वेगळं सांगायचं आहे. नवी मांडणी तीन-चार आठवडे नीट चालवूनही त्याची दोन सोपी कामं होत नसतील, आणि शाळेतूनही जागेवर न बसणं, वस्तू हरवणं, ऐकून न घेणं अशा तक्रारी सहा महिन्यांहून जास्त येत असतील, तर प्रश्न इच्छेचा नसू शकतो. झोप पुरेशी होते का, ऐकू नीट येतं का, हे आधी बघा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या वाढीची तपासणी करणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथेही विचारता येतं. अशा मुलांना ही पद्धत उपयोगी पडतेच, फक्त पावलं आणखी लहान लागतात आणि ती तज्ज्ञांबरोबर ठरवावी लागतात.

राहिलं ॲपचं. ते फक्त मोठ्यांच्या फोनवर ठेवा, मुलांच्या टॅबवर नको. मुलांची टोपणनावं घाला. फोटो, जन्मतारीख, शाळेचं नाव काही नको. लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारा, मुलांना दिसणाऱ्या सूचना बंद करा. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. ज्या ॲपमध्ये पॉइंटच्या पानावरच खेळण्यांच्या जाहिराती येतात ते घेऊच नका. मोफत चाचणीनंतर आपोआप पैसे कापणारी वर्गणी आहे का तेही आत्ताच तपासा. ॲप फोनवरून काढलं तरी वर्गणी चालूच राहते. ती प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’मधून वेगळी बंद करावी लागते. आणि आठ आठवड्यांनी ॲप काढाल तेव्हा आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं पुसा, मगच ॲप काढा, नाहीतर मुलांची माहिती त्यांच्याकडे तशीच पडून राहते.